आधीं पाटीवर, मग वहींत

पूर्वींच्या मराठी शाळेंत मूल प्रथम आलें म्हणजे त्याच्या हातीं वही देत नसत, पाटी देत. ‘श्री’ काढतां काढतां मुलाचा हात कोठें तरी वांकडा जावयाचा, एखाद्या अक्षराचा काना राहून जावयाचा, हें गुरुजींना पुरतें ठाऊक असे. पाटीवरची चूक ओल्या बोळ्यानें पुसली कीं नाहींशी होई. वहींतली चूक मात्र वर्षभर वहींत राही. खोडावयास जावें तर कागद फाटे, आणि फाटलेल्या पानाच्या पाठीमागचा चांगला मजकूरहि जाई. पाटीची योजना एवढ्यासाठींच होती. मूल चुकणार नाहीं, असा तिचा दावा नव्हता. तें चुकलें तरी त्या चुकीचें मोल थोडें पडावें, एवढाच तिचा हेतु. पाटीवर साधलें म्हणजे मग वही.

शिक्षणांतला हा साधा नियम आज एका अगदीं वेगळ्या क्षेत्रांत पुन्हां शिकावा लागत आहे. तें क्षेत्र सॉफ्टवेअरचें. संगणकानें किंवा मोबाईलनें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांचा जो संच असतो, त्याला सॉफ्टवेअर म्हणतात. यंत्र म्हणजे देह आणि सॉफ्टवेअर म्हणजे त्याला मिळालेलें शिक्षण, असें म्हटलें तरी चालेल. पूर्वीं हें सॉफ्टवेअर तबकड्यांवर भरून खोक्यांतून विकत येई. नवी आवृत्ति घ्यावयाची तर दुकानांत जावें लागे, पैसे मोजावे लागत. त्यामुळें ती घ्यावी कीं न घ्यावी, याचा विचार करावयास माणसाला आपोआपच सवड मिळे. आज तें तारेवरून आणि हवेंतून येतें. पुष्कळदां तर मालक झोंपेंत असतांना येतें.

एखादा निवृत्त कारकून रात्रीं मोबाईल उशाशीं ठेवून निजतो. सकाळीं उठून पाहतो, तों पत्रें लिहिण्याचें बटण वरचें खालीं गेलेलें, अक्षरें बारीक झालेलीं, आणि ज्या जागीं बोट ठेवावयाची वर्षभर संवय लावून घेतली, त्या जागीं भलतीच कांहीं सोय येऊन बसलेली. तो घरांतल्या नातवाला हांक मारतो. नातू म्हणतो, “आजोबा, हें आतां असेंच आहे.” आजोबांचें कांहीं बिघडलें नाहीं, हें खरें, परंतु काल जें काम ते स्वतः करीत होते, त्यासाठीं आज त्यांना दुसऱ्याचें तोंड पाहावें लागलें. माणसाची स्वाधीनता अशा लहान लहान गोष्टींतच असते, आणि ती जाते तीहि अशा लहान लहान गोष्टींतूनच.

म्हणून प्रश्न असा उभा राहतो कीं, नवी सोय कायमची लागूं करण्यापूर्वीं ती ज्याच्या कामांत शिरणार, त्याला ती आधीं करून पाहतां येईल काय? आणि न आवडल्यास, किंवा बाधल्यास, आपलें कांहीं न गमावितां त्याला पूर्वस्थितीवर येतां येईल काय? या प्रश्नाचीं उत्तरें कोणीं कशीं दिलीं, हें पाहण्यासारखें आहे.

गूगल कंपनीची जीमेल ही पत्रव्यवहाराची सोय १ एप्रिल २००४ रोजीं जाहीर झाली. तिच्या नांवाजवळ ‘बीटा’ हा शब्द जुलै २००९ पर्यंत, म्हणजे पांच वर्षांहून अधिक काळ, लिहिलेला होता. बीटा हें ग्रीक वर्णमालेंतील दुसरें अक्षर. करणाराच्या घरची पहिली परीक्षा संपली असून बाहेरच्यांच्या हातची दुसरी परीक्षा चालूं आहे, असा त्याचा या धंद्यांतला अर्थ आहे. परंतु दारावर पांच वर्षें ‘रंग ओला आहे’ अशी पाटी टांगून ठेवली, तर सहाव्या महिन्यापासून ती कोणी वाचीत नाहीं. सगळ्याच घराला प्रयोग म्हटलें म्हणजे कोणती भिंत कच्ची आणि कोणती पक्की, हें राहणाराला कळत नाहीं.

जून २००८ मध्यें त्याच घरांत एक निराळी व्यवस्था झाली. जीमेलच्या आंत ‘लॅब्ज’, म्हणजे प्रयोगशाळा, या नांवाचें एक दालन उघडण्यांत आलें. आरंभीं त्यांत तेरा नव्या सोयी मांडल्या होत्या. प्रत्येकीचें नांव, ती काय करते याचें एका दोन ओळींचें वर्णन, आणि पुढें दोनच पर्याय : चालू किंवा बंद. दालनाच्या दाराशींच स्पष्ट ताकीद होती कीं, या वस्तु पक्क्या झालेल्या नाहींत. त्या बदलतील, मोडतील किंवा केव्हांहि नाहींशाहि होतील. ज्याला हौस असेल त्यानें आंत जावें, हवी ती कळ दाबावी. ज्याला नसेल त्याच्या पेटींत कांहींच बदलत नसे. प्रयोगाला बसावयाचें कीं नाहीं, हें परीक्षार्थीच ठरवी.

ही कळ आंतून कशी चालते, हें समजण्यास आगगाडीचा सांधा आठवावा. नवी वाट तयार केली तरी जुनी वाट उखडून टाकीत नाहींत. दोन्ही रूळ जागच्या जागीं असतात. मध्यें सांधा असतो, आणि सांधेवाला तो ज्या बाजूला वळवील त्या बाजूला गाडी जाते. सॉफ्टवेअरमध्येंहि जुन्या आज्ञा व नव्या आज्ञा दोन्ही ठेवतात, आणि जेथें वाट फुटते तेथें एकच प्रश्न घालतात : या माणसासाठीं नवी सोय चालू आहे काय? असल्यास नव्या वाटेनें, नसल्यास जुन्या. या कळीला त्या धंद्यांतील लोक ‘फीचर फ्लॅग’ म्हणतात. तिचा मोठा गुण असा कीं, नवी वाट खचली तर सगळें सॉफ्टवेअर पुन्हां पाठवावें लागत नाहीं. सांधा फिरविला कीं काम झालें.

परंतु लॅब्जची खरी दूरदृष्टि एका लहानशा तरतुदींत होती. समजा, त्या दालनांतील एखाद्या वस्तूनें पेटीच उघडेनाशी झाली. आतां ती वस्तु बंद करण्याचें बटण पेटीच्या आंत, आणि पेटी तर उघडत नाहीं! किल्ली घरांत राहून दार बाहेरून लागावें, तसा हा प्रकार. त्यावर कर्त्यांनीं आधींच उपाय करून ठेवला होता. जीमेलच्या नेहमींच्या पत्त्याच्या शेवटीं ‘लॅब्ज बरोबर शून्य’ अशा अर्थाचीं चार दोन अक्षरें जोडलीं कीं, सगळे प्रयोग बाजूला सारून जुनी पेटी जशीच्या तशी उघडत असे. परत येण्याची वाट प्रयोगाच्या बाहेरून ठेवलेली होती. प्रयोग फसला तरी ती बंद पडत नसे. हा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्या दालनांत गंमतीच्याहि वस्तु होत्या. पत्रें पाहण्याचें व्यसन लागलेल्या माणसाला पंधरा मिनिटें पेटीबाहेर काढणारी एक सोय होती. ऑक्टोबर २००८ मध्यें आणखी एक आली. आठवड्याच्या अखेरीस रात्रीं उशिरां कोणी पत्र पाठवूं लागला, तर ती त्याला आधीं कांहीं सोपीं गणितें घाली. तीं ठराविक वेळांत सुटलीं तरच पत्र जाई. अपरात्रीं, भान हरपलेल्या स्थितींत, नको तें नको त्याला लिहिलें जाऊं नये, हा तिचा उद्देश. गणिताचा असा उपयोग कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं!

मात्र त्याच दालनांतून एक फार मोलाची वस्तु बाहेर पडली. मार्च २००९ मध्यें ‘पाठविलेलें पत्र मागें घ्या’ अशा अर्थाची एक कळ तेथें आली. पत्र पाठविल्यानंतर प्रथम पांच सेकंद ती दिसे. तेवढ्यांत ती दाबली तर पत्र परत हातीं येई. यांत जादू कांहीं नव्हती. गेलेलें पत्र परत आणतां येत नाहीं, मग तें टपालाचें असो कीं तारेचें. यंत्र एवढेंच करी कीं, पत्र पाठविल्याचें सांगे, परंतु पांच सेकंद तें हातांतच धरून ठेवी. पेटींत टाकण्यासाठीं उचललेलें पाकीट पेटीच्या तोंडाशीं क्षणभर थांबवावें, तसेंच हें. नांव चुकलेलें, आंकडा चुकलेला, किंवा रागाच्या भरांत एक शब्द अधिक पडलेला, हें माणसाच्या ध्यानांत नेमकें पत्र सुटल्यानंतरच्या दुसऱ्या सेकंदाला येतें. तो दुसरा सेकंद या कळीनें माणसाला मिळवून दिला. पुढें ही मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवितां येऊं लागली. आणि ही एवढी उघड उपयोगाची सोयसुद्धां प्रयोगशाळेंतून बाहेर पडून जीमेलची कायमची सोय म्हणून जाहीर झाली ती जून २०१५ मध्यें. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ ती पाटीवरच होती.

प्रयोग म्हणजे त्यांत नापास होणेंहि आलें. २४ फेब्रुवारी २०१० रोजीं लॅब्जमधील सहा सोयी उत्तीर्ण होऊन सर्वांसाठीं खुल्या झाल्या, आणि पांच काढून टाकण्यांत आल्या. उत्तीर्ण झालेल्यांत एक अशी होती कीं, ‘सोबत कागद जोडला आहे’ असें लिहून तो जोडावयास विसरलेल्या माणसाला ती वेळींच हटकी. कचेरींत काम केलेल्या प्रत्येकाला तिचें मोल कळेल. आणि काढून टाकलेल्यांत ती पेटीबाहेर काढणारी सोयहि होती. ज्या परीक्षेंत कोणीच नापास होत नाहीं ती परीक्षा नव्हे, समारंभ होय.

आतां नवल असें कीं, याच महिन्याच्या आरंभीं, ९ फेब्रुवारी २०१० रोजीं, याच कंपनीनें याच जीमेलमध्यें ‘बझ’ नांवाची एक नवी सोय आणली. आणि ती मात्र या दालनांतून आणली नाहीं. ओळखीच्या लोकांशीं गप्पा, छायाचित्रें, बातम्या यांची देवघेव व्हावी, हा तिचा उद्देश वाईट नव्हता. परंतु कोणाची कोणाशीं ओळख, हें यंत्रानें स्वतःच ठरविलें. ज्यांच्याशीं पत्रव्यवहार अधिक, तीं माणसें जवळचीं, असें धरून त्यांच्या यादीच तयार झाल्या; आणि पुष्कळांच्या बाबतींत त्या यादी चारचौघांना दिसतील अशा झाल्या.

वरवर पाहतां यांत काय बिघडलें, असें वाटेल. परंतु माणूस ज्यांच्याशीं अधिक पत्रव्यवहार करतो, तीं सगळीं त्याचीं मित्रमंडळी नसतात. वैद्य रोग्यांना लिहितो, शिक्षक विद्यार्थ्यांना लिहितो. नोकरी सोडूं पाहणारा दुसऱ्या मालकाला लिहितो. विभक्त झालेली स्त्री पूर्वींच्या पतीला, नाइलाजानें कां होईना, लिहिते. हे संबंध उघडे पडणें म्हणजे कोणाची अब्रू, कोणाची भाकरी, आणि कोणाची सुरक्षितताच धोक्यांत येणें. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे जीं गाऱ्हाणीं गेलीं, त्यांत अशाच नात्यांचा उल्लेख होता. आयोगाचा आणखी एक आक्षेप फार बोलका आहे. सोय दाखवितांना ‘नको, पेटीकडे जातों’ अशा अर्थाचें एक बटण पुढें केलेलें होतें. परंतु तें दाबणाऱ्यांनाहि बझच्या कांहीं भागांत सामील करून घेतलेलें होतें. ‘नाहीं’ या शब्दाला ज्या घरांत अर्थ नाहीं, तेथें ‘होय’ या शब्दालाहि किंमत राहत नाहीं.

बझची परीक्षा मुळींच झाली नव्हती, असें नाहीं. कंपनीच्या स्वतःच्या नोकरवर्गानें ती वापरून पाहिली होती. बाहेरच्या परीक्षकांच्या हातीं मात्र ती नेहमींप्रमाणें गेली नव्हती, हें कंपनीनेंच पुढें सांगितलें. यांतली मेख सहज ध्यानांत येईल. एकाच कचेरींतले लोक परस्परांनाच पत्रें लिहितात. त्यांच्या यादी उघड झाल्या तर कोणाचें काय बिघडणार? जो धोका बाहेरच्या जगांत घरोघर होता, तो त्या चार भिंतींच्या आंत दिसणेंच शक्य नव्हतें. कंपनीनें थोड्याच दिवसांत यादी आपोआप करण्याचें सोडून नुसत्या सुचविण्यावर आणलें. परंतु ३० मार्च २०११ रोजीं आयोगाशीं झालेल्या तडजोडीप्रमाणें वीस वर्षें बाहेरच्या तपासनिसांकडून गुप्ततेच्या व्यवस्थेची तपासणी करवून घेण्याचें बंधन कंपनीवर आलें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें बझ बंद करण्याचें जाहीर झालें. एकाच घरांत, एकाच महिन्यांत, एका सोयीनें प्रयोगशाळेच्या दारांतून यावें आणि दुसरीनें एकदम माजघरांत शिरावें, आणि दोहोंचीं फळें इतकीं निराळीं व्हावींत, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

हौशी लोकांना विचारून सोय देणें ही एक पद्धति झाली. दुसरी पद्धति अशी कीं, नवी सोय प्रथम अगदीं थोड्या यंत्रांवर सोडावयाची. कांहीं काळ नजर ठेवावयाची. ठीक चाललें तर आणखी थोड्या, मग आणखी, असें करीत सर्वांपर्यंत पोंचावयाचें. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, या म्हणीचीच ही योजनापूर्वक अंमलबजावणी म्हणतां येईल. तिला ‘कॅनरी’ पद्धति असें नांव पडलें आहे, आणि त्या नांवाचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

कॅनरी हा एक लहानसा गाणारा पक्षी. कोळशाच्या खाणींत स्फोट झाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. माणूस कोसळेपर्यंत त्याला कांहीं कळत नाहीं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत या मृत्यूंचा अभ्यास करून असा उपाय सुचविला कीं, खाणींत उतरतांना एखादा लहान, उष्ण रक्ताचा प्राणी बरोबर न्यावा. त्याचा श्वास जलद असल्यामुळें विषाची बाधा त्याला माणसाच्या आधीं होते. तो मलूल झाला कीं माणसांनीं मागें फिरावें. या हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हे पुढें भारतांत येऊन येथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी काढून त्यांच्या जागीं यंत्रें ठेवण्याचा निर्णय १९८६ सालीं झाला.

पुष्कळांना एवढी गोष्ट ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध फारसा ठाऊक नसतो. पुढें या पक्ष्यांसाठीं एक खास पिंजरा करण्यांत आला. त्याला एक लहानसें गोल दार असे आणि वरच्या बाजूस प्राणवायूची नळी बसविलेली असे. पक्षी भोंवळ येऊन पडला कीं, खाणवाला तें दार लावी आणि नळीची तोटी सोडी. पांखरूं पुन्हां सावध होई. ज्याला आपण पुढें घालतों, त्याला परत आणण्याची सोय आपणच केली पाहिजे, हें त्या कष्टकऱ्यांना उमगलें होतें. सॉफ्टवेअरवाल्यांनीं कॅनरीचें नांव घेतलें. तो पिंजराहि त्यांनीं विसरतां कामा नये.

तो विसरला म्हणजे काय होतें, हें जगानें १९ जुलै २०२४ रोजीं पाहिलें. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेंतील कंपनी संगणकांवर पहारा करणारें सॉफ्टवेअर विकते. त्या दिवशीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं तिनें आपल्या पहाऱ्याच्या माहितींत एक लहानशी भर घालून ती गिऱ्हाइकांच्या विंडोज संगणकांकडे एकदम पाठविली. या भरींत एकवीस रकाने गृहीत धरलेले होते. यंत्रावरच्या प्रोग्रॅमजवळ मात्र वीसच रकान्यांची माहिती होती. नसलेला एकविसावा रकाना वाचावयास जातांच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडूं लागले, आणि पुन्हां सुरू केले तरी पुन्हां बंद पडूं लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें अशा संगणकांची संख्या सुमारें ८५ लाख होती. जगांतील एकंदर विंडोज संगणकांच्या शेंकडा एकाहूनहि ती कमी. परंतु ते संगणक विमानतळांवर, रुग्णालयांत, पेढ्यांत होते. भारतांतहि विमानतळांवर कांहीं प्रवाशांच्या हातीं हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें देण्यांत आलीं.

चूक कंपनीच्या लवकर ध्यानांत आली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत, म्हणजे १० वाजून ५७ मिनिटांनीं, ती सदोष भर मागें घेण्यांत आली. परंतु जो संगणक सुरूच होत नाहीं, त्याला दुरुस्ती पोंचणार कशी? माणसांना एकेका यंत्राजवळ जाऊन, तें विशेष रीतीनें सुरू करून, ती एक फाईल हातानें पुसावी लागली. येथें त्या ‘लॅब्ज बरोबर शून्य’ची आठवण व्हावी. तेथें परतीची वाट प्रयोगाच्या बाहेरून होती. येथें ती प्रयोगाच्या पोटांतच होती, आणि पोटच बिघडलें.

या प्रकरणांतील अधिक बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति लगेच न घेतां एक दोन आवृत्त्या मागें राहण्याची मुभा कंपनीनें गिऱ्हाइकांना दिलेली होती, आणि पुष्कळ सावध गिऱ्हाइकांनीं ती घेतलीहि होती. परंतु ही मुभा सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांपुरती होती. पहाऱ्याच्या माहितींतली भर त्या नियमांत बसत नव्हती. पुढच्या दाराला कुलूप होतें, आणि माल मागच्या दारानें आला. ज्यांनीं सावधगिरी बाळगली, तेहि त्या दिवशीं इतरांबरोबर बसून राहिले. त्यानंतर कंपनीनें ही भरहि यापुढें टप्प्याटप्प्यानें, आधीं थोड्या यंत्रांवर पाहून, सोडण्याचें आणि ती केव्हां घ्यावी हें गिऱ्हाइकांना ठरवूं देण्याचें जाहीर केलें. शहाणपण आलें, परंतु त्याची फी दुसऱ्यांनीं भरली.

एवढ्यावरून कोणी असें म्हणेल कीं, थोड्यांवर प्रयोग केला म्हणजे सर्व धोके टळतात. तसेंहि नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण खरी; पण भात सारखा शिजला असेल तरच. वरचें शीत मऊ असतें तेव्हां तळचा भात करपलेलाहि असूं शकतो. प्रयोगाच्या दालनांत आपण होऊन जाणारे लोक बहुधा तरुण, हौशी, नवीं यंत्रें बाळगणारे आणि चांगलें इंग्रजी वाचणारे असतात. ज्यांची दृष्टि मंद आहे, ज्यांचा मोबाईल जुना व मंद आहे, ज्यांच्या गांवीं जाळें तुटक येतें, ज्यांना पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून वाचवून घ्यावा लागतो, ते त्या दालनांत फिरकतहि नाहींत. आणि नवी सोय बाधली तर प्रथम बाधते ती त्यांनाच. म्हणून प्रयोग करणारानें नुसतें दार उघडें ठेवून भागत नाहीं; डाव मुद्दाम तळापर्यंत घालून तळचें शीत वर काढून पाहावें लागतें. बझच्या वेळीं वरचेंच शीत पाहिलें गेलें होतें.

दुसरी मर्यादा अशी कीं, कांहीं गोष्टी मुळांतच पाटीवरच्या नसतात. नवी आवृत्ति कधीं कधीं जुने कागद आपल्या नव्या पद्धतीनें लिहून काढते. नंतर जुनी आवृत्ति पुन्हां आणली तरी तिला ते वाचतां येत नाहींत. कळ बंद झाली, पण वही बदलून गेली! गेलेलें पत्र, दिलेले पैसे, उघड झालेलें नांव यांचेंहि तसेंच. अशा ठिकाणीं नुसती ‘बंद’ची कळ पुरत नाहीं. तेथें आधीं नक्कल काढून नकलेवर प्रयोग करावा लागतो, किंवा शेवटचें पाऊल पडण्यापूर्वीं, त्या पांच सेकंदांप्रमाणें, क्षणभर हात थांबवावा लागतो.

सॉफ्टवेअर करणारांचें कर्तव्य यावरून स्पष्ट आहे. नवी सोय विचारून द्यावी. थोड्यांना आधीं द्यावी. ती काय करते व काय बिघडवूं शकते, हें साध्या भाषेंत, आणि ज्याची जी भाषा त्या भाषेंत सांगावें. आणि परतीची वाट सोयीच्या बाहेरून ठेवावी. परंतु वापरणारालाहि थोडी शिस्त हवीच. एखादी नवी सोय चालू करण्यापूर्वीं ती बंद कोठें होते, हें आधीं पाहून ठेवावें. महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. एका वेळीं एकच नवी सोय घ्यावी; चार एकदम घेतल्या तर दोष कोणाचा, हें कळत नाहीं. कर भरण्याच्या शेवटच्या दिवशीं, किंवा नातवाच्या परीक्षेचा अर्ज भरतांना, प्रयोग करूं नयेत. आणि सोय बाधली तर मुकाट्यानें सोसूं नये. काय केलें, काय झालें, काय अपेक्षित होतें, एवढ्या तीन गोष्टी लिहून कळवाव्यात. अशा एका नीट लिहिलेल्या तक्रारीनें अनोळखी हजारोंचें काम वांचतें.

नव्या गोष्टींना विरोध करणें, हा यांतला उपदेश नव्हे. पाठविलेलें पत्र मागें घेण्याची ती कळ कोणीं करूनच पाहिली नसती, तर आज ती कोणालाच मिळाली नसती. नवें येणारच, आणि त्यांतलें पुष्कळसें उपयोगाचेंहि असणार. प्रश्न एवढाच कीं, तें ज्याच्या घरीं यावयाचें, त्याला तें आधीं हाताळूं द्यावयाचें कीं नाहीं.

जुन्या शाळेंतील पाटीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. अक्षर गुरुजी घालून देत, चूकहि गुरुजीच दाखवीत. परंतु पाटी पुसण्याचा बोळा मुलाजवळ असे. तो त्याच्याच दप्तरांत, दोऱ्यानें पाटीला बांधलेला असे, आणि पुसण्यासाठीं त्याला कोणाची परवानगी लागत नसे.